टेनिस स्पर्धेत दाद नेमकी कोणाकडे मागायची? रेफरी, पंच, संचालक आणि इतर मंडळी

धागालेखक: कोथरूडचा बाबा

गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका क्लबवर १४ वर्षांखालील मुलींची स्पर्धा होती. दुसऱ्या सेटमध्ये ४-४ अशी बरोबरी असताना माझ्या मुलीचा फोरहँड समोरच्या मुलीने आउट दिला. मी जाळीबाहेरच्या बाकावर बेसलाइनच्या जवळपास सरळ रेषेत बसलो होतो आणि चेंडू रेषेवर पडल्याचे मला स्वच्छ दिसले, निदान त्या क्षणी तसे वाटले. खुर्चीवर पंच नव्हते. चार कोर्टांवर मिळून एकच पंच फिरत होते आणि ते नेमके पलीकडच्या कोर्टावर होते. मी उठलो, तडक स्पर्धेच्या टेबलाशी गेलो आणि तिथे चहा पीत बसलेल्या गृहस्थांना आवाज चढवून सांगितले की हा गुण फिरवा. त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर ‘स्पर्धा संचालक’ असे लिहिलेले होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, “साहेब, चेंडू आणि मांडव माझ्या ताब्यात आहेत, गुण नाहीत.”

मग रेफरी आले. ज्या मुलीने आउट दिला होता तिला त्यांनी एवढेच विचारले की तुझी खात्री आहे का. ती हो म्हणाली, गुण कायम राहिला आणि मला रेलिंगच्या बाहेर उभे राहण्यास सांगण्यात आले. घरी परतताना चांदणी चौकात गाडी अडकली असताना मुलगी मागच्या सीटवरून म्हणाली, “बाबा, तुम्ही चुकीच्या माणसाशी भांडलात.” तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. गेली तीन वर्षे मी तिला स्पर्धांना घेऊन जात होतो, पण टेबलामागे बसलेल्या चार-पाच जणांपैकी कोण काय ठरवते याचा मला पत्ताच नव्हता. त्यानंतर दोन आठवडे नियमपुस्तक वाचून आणि ओळखीच्या पंचांना छळून जे समजले ते इथे लिहितो. चुकले असेल तिथे जाणकारांनी दुरुस्त करावे.

आधी संघटनांची उतरंड. जागतिक पातळीवर आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ म्हणजे आयटीएफ आहे, त्याच्याशी अखिल भारतीय टेनिस संघटना म्हणजे आयटा संलग्न आहे, आयटाशी महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटना, आणि आपल्याकडे तिच्या छायेत पुणे महानगर जिल्हा टेनिस संघटना. व्यावसायिक पुरुषांची एटीपी १९७२ मध्ये आणि महिलांची डब्ल्यूटीए १९७३ मध्ये सुरू झाली. या दोन्ही या साखळीच्या बाजूला स्वतंत्र उभ्या आहेत. खेळाचे नियम मात्र सर्वांना आयटीएफचेच लागू होतात, मग सामना बालेवाडीच्या मुख्य स्टेडियममध्ये असो किंवा एखाद्या सोसायटीच्या मागच्या कोर्टावर.

आता स्पर्धेच्या टेबलाकडे येऊ. स्पर्धा संचालक हा यजमानांचा माणूस असतो. प्रायोजक, कोर्टांची उपलब्धता, चेंडूंचे डबे, पाणी, डॉक्टर, बॉलबॉय, बक्षीस समारंभ हे सर्व त्याच्याकडे असते. खेळाशी संबंधित अधिकार रेफरीकडे असतात. ड्रॉ म्हणजे कोण कोणाशी खेळणार याचा तक्ता काढणे, सामन्यांचा क्रम म्हणजे ऑर्डर ऑफ प्ले लावणे, पावसानंतर कोर्ट खेळण्याजोगे झाले आहे की नाही ते ठरवणे, उशिरा आलेल्या खेळाडूला बाद करणे आणि गैरवर्तन हाताबाहेर गेल्यास खेळाडूला स्पर्धेतून काढणे ही कामे त्याची. वर्तमानपत्रातील बातम्यांमध्ये ‘स्पर्धा निरीक्षक’ असा जो शब्द येतो तो कधी रेफरीसाठी असतो, तर कधी सुपरवायझरसाठी, आणि त्यामुळे माझ्यासारख्यांचा गोंधळ आणखी वाढतो. सुपरवायझर हा मोठ्या स्पर्धांमध्ये आयटीएफ, एटीपी किंवा डब्ल्यूटीएकडून येणारा अधिकारी असतो आणि त्या स्पर्धेत अंतिम शब्द त्याचा असतो.

मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट म्हणजे वस्तुस्थितीचा प्रश्न आणि नियमाचा प्रश्न यांतील भेद. खुर्चीवर पंच असेल तर चेंडू आत होता की बाहेर, तो दोनदा टप्पा पडला की एकदा, रॅकेट जाळीला लागली की नाही, या साऱ्या वस्तुस्थितीच्या प्रश्नांवर पंचाचा निर्णय अंतिम असतो. रेफरीदेखील तो बदलू शकत नाही. मात्र पंचाने नियम चुकीचा लावला असे खेळाडूला वाटले, तर त्याला रेफरीला कोर्टावर बोलावण्याचा हक्क आहे आणि तिथे रेफरीचा शब्द अंतिम. उदाहरणार्थ, गुण चालू असताना एका मुलीची रॅकेट जाळीला लागली असे पंचाने ठरवले. लागली की नाही यावर वाद घालण्यात अर्थ नाही, कारण ती वस्तुस्थिती आहे. पण पंच जर म्हणाले की रॅकेट लागली, म्हणून हा गुण पुन्हा खेळा, तर ते नियमाला धरून नाही, कारण अशा वेळी गुण थेट गमवावा लागतो. इथे रेफरीला बोलावलेच पाहिजे. आपण पालक मात्र नेमके उलट करतो. रेषेवरून आरडाओरडा करतो आणि नियमाची चूक झाली की गप्प बसतो, कारण नियमच ठाऊक नसतो.

प्रतिसाद: निळी टोपी

बाबासाहेब, धागा काढल्याबद्दल आभार. मी राज्यस्तरीय स्पर्धांमध्ये पंच म्हणून काम करतो आणि आपण वर्णन केलेल्या ‘चार कोर्टांवर फिरणाऱ्या’ जमातीपैकी आहे. आम्हाला रोव्हिंग अंपायर म्हणतात. आपल्या प्रसंगात रेफरींनी जे केले ते अगदी पद्धतीप्रमाणे होते, ते थोडे उलगडून सांगतो.

खुर्चीवर पंच नसलेल्या सामन्यात जाळीच्या आपल्या बाजूचे सर्व निर्णय तो खेळाडू स्वतः देतो. निर्णय लगेच आणि समोरच्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने द्यायचा असतो आणि शंका असेल तर चेंडू आत होता असेच धरायचे असते. एखाद्या खेळाडूने आउट म्हटले आणि मग चेंडू आत होता हे त्याच्या लक्षात आले, तर पहिल्या वेळी गुण पुन्हा खेळला जातो, अर्थात समोरच्याचा फटका मुळातच गुण जिंकून देणारा नसेल तर. त्याच सामन्यात तीच चूक दुसऱ्यांदा झाली की गुण जातो. आम्हाला बोलावले आणि तो चेंडू आम्ही पाहिलेला नसेल, तर आम्ही एकच प्रश्न विचारू शकतो की तुझी खात्री आहे का. उत्तर हो आले की विषय संपला. प्रेक्षकांची साक्ष काढायची नसते, मग ते प्रेक्षक बेसलाइनच्या सरळ रेषेत बसलेले असोत, अगदी वडील असोत. मी तर म्हणेन, वडील असतील तर विशेषच नसते.

आपण त्या वेळी खरे काय करू शकला असता, तेही सांगतो. आपण स्वतः काहीच नाही. आपल्या मुलीने मात्र रेफरीला विनंती करावी की या सामन्यासाठी पंच द्या. माणूस उपलब्ध असेल तर रेफरी खुर्चीवर पंच बसवतात. नसेल, तर आमच्यापैकी एक जण जाळीजवळ उभा राहतो आणि दोघींना आधीच सांगतो की उघडउघड चुकीचा निर्णय दिसला तर मी तो बदलेन. गेल्या वर्षी एका सामन्यात मी असा चाळीस मिनिटे उभा होतो. मी तिथे पोहोचल्यापासून दोन्ही मुलींनी एकही वादग्रस्त निर्णय दिला नाही.

गुणसंख्येवरून होणारे वाद रेषेच्या वादांपेक्षाही जास्त होतात. सर्व्हिस करणाऱ्याने प्रत्येक पहिल्या सर्व्हिसआधी गुण मोठ्याने म्हणायचे असतात, पण मुले ते पुटपुटतात आणि मग एक म्हणते ४०-३०, दुसरी म्हणते ३०-४०. अशा वेळी आम्ही त्या दोघींना गेम पहिल्यापासून आठवायला लावतो. समजा पहिला गुण कोणी जिंकला एवढ्यावरच मतभेद आहे आणि बाकी सर्व गुण दोघींना मान्य आहेत, तर प्रत्येकीने दोन-दोन गुण जिंकले आहेत यावर एकमत झालेच, म्हणून खेळ ३०-३० पासून पुढे चालू होतो. वादातला तेवढा गुण बाजूला पडतो. पालकांना हा अन्याय वाटतो, पण दोघींच्या आठवणींपैकी एकीची खरी धरायला आमच्याकडे कोणताही आधार नसतो.

प्रतिसाद: बाणेरची आई

निळी टोपी, हे वाचून माझी एक जुनी खदखद बाहेर काढते. मुलाच्या पात्रता फेरीसाठी साइन-इनची, म्हणजे हजर असल्याची सही करण्याची वेळ संपायला पंधरा मिनिटे असताना आम्ही राधा चौकात अडकलो होतो. मी टेबलावर फोन केला आणि त्यांनी सांगितले, “या, बघू.” पोहोचलो तेव्हा वेळ उलटून आठ मिनिटे झाली होती, यादी बंद झाली होती आणि रेफरींनी नकार दिला. फोनवर हो म्हणणारे तिथेच बसले होते, पण मान वर करायला तयार नव्हते. आता कळते की तो फोन ज्यांनी घेतला त्यांना हो म्हणण्याचा अधिकारच नव्हता.

दुसरे म्हणजे ऑल्टरनेट आणि लकी लूजर यांतला फरक कोणी नीट सांगेल का? दोन्ही नावे कानावर पडतात आणि दोन्ही वेळा आम्ही क्लबवर दिवसभर ताटकळत बसतो.

प्रतिसाद: पाषाणचे काका

ताई, मी एका क्लबचा टेनिस सचिव म्हणून बरीच वर्षे टेबलामागे काढली आहेत, त्यामुळे त्या बाजूने उत्तर देतो. टेबलावरच्या स्वयंसेवकाने “या, बघू” म्हणणे ही आपल्याकडची सवय आहे. समोरच्याला तोंडावर नाही म्हणवत नाही, म्हणून माणूस बघू म्हणतो. आमच्या क्लबवर आम्ही त्यावर उपाय म्हणून फोनशेजारी एक कागद चिकटवला होता: साइन-इनबद्दल कोणताही शब्द देऊ नये, फोन रेफरीला द्यावा.

आता तुमचा प्रश्न. स्पर्धेचा सारा व्यवहार फॅक्ट शीट नावाच्या पत्रकाने बांधलेला असतो. प्रवेशिकेची अंतिम मुदत, नाव मागे घेण्याची मुदत, साइन-इनची वेळ, चेंडूंचा ब्रँड, रेफरीचे नाव, राहण्याची सोय हे सारे त्यात असते. प्रवेशिका आल्या की क्रमवारीनुसार ॲक्सेप्टन्स लिस्ट लागते. वरचे काही थेट मुख्य ड्रॉमध्ये, त्याखालचे पात्रता फेरीत आणि त्याहीखालचे ऑल्टरनेट, म्हणजे प्रतीक्षा यादीवरचे. पात्रता फेरी सुरू होईपर्यंत वरच्या कोणी माघार घेतली तर यादी तेवढी वर सरकते. पात्रता फेरीचा पहिला चेंडू पडला की ही वाट बंद होते. त्यानंतर मुख्य ड्रॉमध्ये जागा रिकामी झाली तर ती लकी लूजरला मिळते, म्हणजे पात्रता फेरीच्या शेवटच्या टप्प्यात हरलेल्या खेळाडूंपैकी एकाला. मात्र त्यासाठीही ठरलेल्या वेळेत वेगळी सही करावी लागते. हरल्यावर रागाने किट उचलून जो घरी गेला त्याचे नाव त्या यादीत नसते. म्हणून हरल्यानंतर पोराला वडापाव खायला घाला, पण सही केल्याशिवाय फाटकाबाहेर नेऊ नका.

ड्रॉविषयीही थोडे लिहितो, कारण तिथे संशय फार. ३२ जणांच्या ड्रॉमध्ये आठ मानांकित असतील तर पहिले मानांकन सर्वांत वरच्या ओळीत आणि दुसरे सर्वांत खाली, ३२ व्या ओळीत जाते. ही दोन नावे चिठ्ठीविना बसतात. तिसरे आणि चौथे मानांकन ९ आणि २४ या ओळींसाठी चिठ्ठीने ठरते, आणि पाच ते आठ ही मानांकने ८, १६, १७ आणि २५ या ओळींवर चिठ्ठीने जातात. २७ च खेळाडू आले तर पाच बाय, म्हणजे प्रतिस्पर्धी नसलेल्या जागा, निघतात आणि ते मानांकनाच्या क्रमाने वरच्या पाच जणांना मिळतात. उरलेले सर्व नशिबाच्या हवाली. आम्ही स्टीलच्या डब्यातून क्रमांकाच्या प्लास्टिकच्या सोंगट्या काढायचो आणि त्या काढायला हजर असलेल्यांपैकी दोन खेळाडूंना बोलवायचो. ड्रॉ उघडपणे काढला जातो, तिथे उभे राहण्यास कोणाची मनाई नसते. पण साठ पालकांपैकी तिघे येतात आणि दुसऱ्या दिवशी सत्तावन्न जणांना वाटते की ड्रॉ जमवलेला आहे.

प्रतिसाद: तिसरा सेट

काका, सोंगट्या मान्य, पण वाइल्ड कार्डाचे काय? तिथे कोणती चिठ्ठी असते? क्लबच्या पदाधिकाऱ्याच्या पुतण्याला मुख्य ड्रॉमध्ये थेट जागा मिळाल्याचे आणि क्रमवारीतल्या मुलाला पात्रता फेरी खेळावी लागल्याचे मी स्वतः पाहिले आहे.

प्रतिसाद: पाषाणचे काका

वाइल्ड कार्ड ही ठरवून दिलेली मर्जीच असते, त्यात लपवण्यासारखे काही नाही. ड्रॉमधल्या ठरावीक जागा संघटना आणि यजमान यांच्यासाठी राखीव असतात आणि त्यांची संख्या आधीच जाहीर असते. त्यामागचा हेतू असा की दुखापतीतून परतणारा, क्रमवारी घसरलेला किंवा स्थानिक होतकरू खेळाडू आत यावा. पुतण्याही त्याच दारातून आत येतो हे खरे आहे. मी सचिव असताना दोनदा असे नाव पुढे केले होते, एकदा चांगल्या मनाने आणि एकदा दबावाखाली. दुसऱ्या वेळचा मुलगा ६-०, ६-० असा हरला आणि त्याच्या काकांनी पुढच्या वर्षी शब्द टाकला नाही. मात्र या निर्णयाची तक्रार रेफरीकडे नेण्यात अर्थ नाही. ती संघटनेकडे लेखी द्यावी लागते.

प्रतिसाद: निळी टोपी

गैरवर्तनाच्या शिक्षेबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो, कारण पालकांना सर्वांत मोठा धक्का तिथे बसतो. पहिल्या गुन्ह्याला ताकीद, दुसऱ्याला एक गुण, तिसऱ्याला आणि त्यापुढच्या प्रत्येकाला एक गेम, अशी चढती शिडी आहे. गेम गेल्यानंतरच्या प्रत्येक गुन्ह्याला खेळाडूला बाद करायचे की नाही हे रेफरी ठरवतो. गुन्हे एकाच जातीचे असावे लागत नाहीत. २०१८ च्या अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात सेरेना विल्यम्सला पहिली ताकीद प्रशिक्षकाच्या इशाऱ्यासाठी मिळाली, मग रॅकेट आपटल्याबद्दल गुण गेला आणि पंच कार्लोस रामोस यांना बोलल्याबद्दल गेम गेला. नाओमी ओसाका ४-३ वरून सर्व्हिसचा एकही चेंडू न पडता ५-३ वर पोहोचली. सेरेनाने रेफरीला कोर्टावर बोलावले आणि तो तिचा हक्कच होता, पण तिन्ही शिक्षा शिडीनुसार असल्याने तिथे बदलण्यासारखे काही नव्हते.

शिडी ओलांडून थेट बाद करण्याचाही अधिकार आहे. २०२० मध्ये त्याच स्पर्धेच्या चौथ्या फेरीत नोव्हाक जोकोविचने गेम हरल्यावर वैतागून मागे मारलेला चेंडू लाइन अंपायरच्या गळ्याला लागला. त्याचा तसा हेतू नव्हता हे सर्वांना दिसत होते, तरी रेफरी सोरेन फ्रीमेल यांनी त्याला बाद ठरवले, कारण बेपर्वाईने मारलेल्या चेंडूने काय झाले हे तिथे मोजले जाते.

वेळेच्या उल्लंघनाची शिडी वेगळी असते, ती या शिडीत मिसळू नये. दोन गुणांमध्ये २५ सेकंद, बाजू बदलताना ९० सेकंद आणि सेट संपल्यावर १२० सेकंद मिळतात. पहिल्या उशिराला ताकीद मिळते. त्यानंतर सर्व्हिस करणाऱ्याची पहिली सर्व्हिस जाते आणि परतवणाऱ्याचा गुण जातो.

पालकांसाठी महत्त्वाचे म्हणजे बाकावरून केलेली खूण हे कोचिंग समजले जाते आणि त्याची ताकीद तुम्हाला नव्हे, तुमच्या मुलाला मिळते. १ जानेवारी २०२५ पासून आयटीएफच्या नियमांत कोर्टाबाहेरून मार्गदर्शनाला वाट मिळाली आहे, पण ते त्या त्या स्पर्धेच्या नियमावलीने मान्य केले असेल तरच. म्हणून पुन्हा फॅक्ट शीट वाचा. सांघिक स्पर्धांमध्ये मात्र न खेळणारा कर्णधार कोर्टावर खुर्ची टाकून बसतो आणि बाजू बदलताना उघडपणे सल्ला देतो. २०१७ च्या फेब्रुवारीत बालेवाडीत न्यूझीलंडविरुद्ध डेव्हिस करंडकाची लढत झाली तेव्हा ज्यांनी आनंद अमृतराज यांना त्या खुर्चीवर पाहिले, त्यांना ही भूमिका वेगळी समजावून सांगायला नको.

प्रतिसाद: बाणेरची आई

खुर्चीवरचे पंच त्या छोट्या कार्डावर सतत काय लिहीत असतात? माझ्या मुलाला वाटते की ते सामन्याबद्दलची मते लिहितात.

प्रतिसाद: निळी टोपी

ताई, मते लिहायला त्यात जागाच नसते. प्रत्येक गेमसाठी आडव्या चौकटींची एक पट्टी असते. वरची ओळ सर्व्हिस करणाऱ्याची, खालची परतवणाऱ्याची. गुण ज्याने जिंकला त्याच्या ओळीत एक तिरकी रेघ मारायची. एस, म्हणजे समोरच्याच्या रॅकेटला न लागता गुण मिळवणारी सर्व्हिस, पडला तर रेघेऐवजी ए, दोन्ही सर्व्हिस चुकून डबल फॉल्ट झाला तर डी, कोड व्हायलेशनला म्हणजे गैरवर्तनाला सी, वेळेच्या उल्लंघनाला टी. पहिली सर्व्हिस चुकली की चौकटीत एक टिंब द्यायचे, म्हणजे दुसरी सर्व्हिस आहे याचा विसर पडत नाही. मी सुरुवातीला हे टिंब द्यायला विसरायचो आणि एकदा खेळाडूनेच मला आठवण करून दिली की सर, दुसरी आहे. मोठ्या स्पर्धांमध्ये आता हे काम टॅबलेटवर होते, पण शिकताना सर्वांना कागदावरच शिकवतात. बालेवाडीत २०१९ ची महाराष्ट्र ओपनची अंतिम लढत केविन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच या तुफान सर्व्हिस करणाऱ्या दोघांत झाली आणि तिन्ही सेट टायब्रेकपर्यंत गेले. तो सामना कागदी कार्डावर घ्यायचा झाला असता तर ए काढून काढून पेन्सिलीचे टोक झिजले असते.

या निमित्ताने बॅजची उतरंडही सांगतो. देशपातळीवरच्या शाळेनंतर आयटीएफचा व्हाइट बॅज येतो. पुढे चेअर अंपायरसाठी ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड अशी चढण आहे. रेफरी आणि चीफ अंपायर यांच्यासाठी मध्ये ब्राँझ नाही, व्हाइटनंतर थेट सिल्व्हर. चीफ अंपायर हा पंचांचा पंच असतो: कोणत्या कोर्टावर कोण बसणार, लाइन अंपायरांच्या पाळ्या कशा लागणार, कोणाचे काम कसे झाले, हे तो पाहतो. प्रेक्षकांना तो कधीच दिसत नाही.

प्रतिसाद: तिसरा सेट

लाइन अंपायर आता राहिलेच कुठे? एटीपीने २०२५ पासून दौऱ्यावर सगळीकडे यंत्राने रेषा पाहायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी विम्बल्डननेही त्यांना निरोप दिला.

प्रतिसाद: निळी टोपी

तुमचे म्हणणे खरे आहे आणि आमच्यासाठी ते दुखरे आहे. मी स्वतः रेषेवरूनच सुरुवात केली. चेंडू आत असेल तर दोन्ही तळवे जमिनीकडे सपाट धरायचे आणि तोंडातून अवाक्षर काढायचे नाही. बाहेर असेल तर आधी आवाज आणि मग हात बाजूला. दिसलाच नसेल तर दोन्ही हात डोळ्यांखाली धरून कबूल करायचे. दिसले नाही हे हजार माणसांसमोर हात वर करून सांगायला शिकवणारे दुसरे काम मला ठाऊक नाही. खुर्चीपर्यंत जाणारे पंच याच पायरीवरून वर चढत असत. मोठ्या स्पर्धांतून ही पायरी गेली, पण आपल्या १४ वर्षांखालील स्पर्धांत कॅमेरे येणार नाहीत, तिथे फिरणारे पंचच लागणार आहेत आणि ते आताही कमी पडतात.

प्रतिसाद: पाषाणचे काका

थोडे अवांतर. राज्य संघटनेच्या नावात अजूनही ‘लॉन’ आहे, याचे नवीन मंडळींना हसू येते. आयटीएफ १९१३ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झाला तेव्हा त्याच्याही नावात लॉन होते. १९७७ मध्ये ते गाळले. आमच्या क्लबवर मात्र हिरवळ कधीच नव्हती.

आणखी एक सूचना. टेबलावर तक्रार करण्याआधी जाळीची उंची पाहत चला. ती मध्यभागी ०.९१४ मीटर म्हणजे तीन फूट असावी लागते. टेप नसेल तर रॅकेट उभी धरायची, तिच्यावर दुसरी रॅकेट आडवी ठेवायची. एकीची लांबी २७ इंच आणि दुसरीच्या तोंडाची रुंदी साधारण ९ इंच मिळून ३६ इंच होतात. चार इंचांनी झुकलेल्या जाळीवर आख्खी पात्रता फेरी झाल्याचे मी पाहिले आहे आणि त्या दिवशी रेषांवरून मात्र अकरा तक्रारी आल्या होत्या. जाळीची तक्रार कोणाकडे करायची हे आता सांगायला नको: मधला पट्टा ओढून देणे संचालकाच्या माणसाचे काम, आणि तो ओढल्याशिवाय सामना सुरू होऊ न देणे रेफरीचे.

प्रतिसाद: धागालेखक, कोथरूडचा बाबा

सर्वांचे आभार. काका आणि निळी टोपी यांच्या प्रतिसादांमुळे माझी आणखी एक चूक लक्षात आली. मुलीच्या निकालांची जी वही मी ठेवतो, तिच्यात बाय आणि वॉकओव्हर या दोन्हींसाठी मी ‘पुढे चाल’ असेच लिहीत आलो होतो, कारण वर्तमानपत्रे तसे छापतात. बायमध्ये समोर कोणी नसतेच. वॉकओव्हरमध्ये प्रतिस्पर्धी ड्रॉमध्ये असतो, पण सामना सुरूच होत नाही. सामना सुरू होऊन मध्येच सोडला तर तो रिटायर्ड, आणि रेफरीने बाद केले तर डिफॉल्ट. रात्री बसून मागच्या वर्षीची पाने तपासली, तर चार ‘पुढे चालीं’पैकी दोन बाय निघाले, एक वॉकओव्हर आणि एका ठिकाणी समोरची मुलगी ३-१ अशा स्थितीत पायात गोळा येऊन थांबली होती. त्या शेवटच्या नोंदीवर मुलीने माझ्या हातातून पेन घेतले आणि स्वतःच्या अक्षरात ‘३-१, रिटायर्ड’ असे लिहिले.

येत्या शनिवारी साइन-इन दुपारी दोन वाजता बंद होणार आहे. बाणेरच्या ताई, आम्ही साडेबाराला निघणार आहोत. तुमच्या घरावरूनच जातो, मुलाला घेऊन येऊ का?

प्रतिसाद: बाणेरची आई

या. तो बाराला तयार असेल. ड्रॉ काढतानाही थांबू या म्हणते, सोंगट्या बघायच्या आहेत.